ओळखीचा चेहरा, अनोळखी खेळ

बाजारात नवी वस्तू उतरवताना तिचे गुण ग्राहकाला पटवून देत बसण्यापेक्षा, ज्याची ओळख आधीच पटलेली आहे असा एखादा चेहरा तिच्यावर चढवणे व्यापाऱ्याला नेहमीच सोपे आणि स्वस्त पडत आले आहे. व्हिडीओ गेमच्या व्यवसायात या चेहऱ्याचे काम शुभंकर करतो. शुभंकर म्हणजे एखाद्या कंपनीची किंवा खेळमालिकेची ओळख बनून गेलेले चित्ररूप पात्र, जसे निन्टेन्डोचा मारिओ, सेगाचा सोनिक किंवा नामकोचा पॅक-मॅन. मूळ खेळाशी जेमतेम नाते असलेल्या, आणि काही वेळा काहीच नाते नसलेल्या खेळांच्या विक्रीसाठी या पात्रांचा वापर गेली चाळीसएक वर्षे होत आला आहे. त्यात ग्राहकाची फसवणूक होते का, हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. नवा चेहरा चढवल्यावर खेळाच्या मूळ कर्त्यांचे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे.

बेळगाव-निपाणी सीमाभागाला ही रीत व्हिडीओ गेम येण्याच्या कितीतरी आधीपासून परिचयाची आहे. निपाणीची पेठ ज्या तंबाखूवर उभी राहिली ती तंबाखू विडीत जाते, आणि विडी विकली जाते ती छाप पाहून. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्हींबरोबर हिंदी अशी भाषांची सरमिसळ असलेल्या या मुलखात लेबलावरचा मजकूर एकाला वाचता आला तरी दुसऱ्याला येईलच असे नाही, पण लेबलावरचे चित्र कोणत्याही लिपीच्या गिऱ्हाइकाला लांबूनही ओळखता येते. चित्र एकदा डोळ्यांत बसले की बंडलाच्या आत काय आहे याची चौकशी कोणी करत नाही. ज्या शेतकऱ्याने तंबाखू पिकवली, ज्या बाईने वखारीत ती चाळली आणि जिने पान कातरून, सूत गुंडाळून विडी वळली, त्यांच्यापैकी कोणाचाही मागमूस त्या चित्रात नसतो. त्यांची दखल घ्यायला बाजाराबाहेरच्या घटना घडाव्या लागल्या. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला आणि त्या आंदोलनाचा शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या लढ्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८० च्या दशकाच्या आरंभी माहितीपट केला. लेबल मात्र तेव्हाही बदलले नाही.

प्रसिद्ध नाव उसने घेण्याचे याच व्यवसायातले महाराष्ट्राला ठाऊक असलेले मोठे उदाहरण म्हणजे पुण्याच्या साबळे वाघिरे आणि कंपनीची 'संभाजी बिडी'. छत्रपती संभाजी महाराजांचे नाव विडीला असू नये यासाठी झालेल्या आंदोलनांनंतर २०२० मध्ये कंपनीने नाव बदलण्याची तयारी दाखवली आणि २०२१ मध्ये 'साबळे बिडी' हे नाव पुढे आणले. या प्रकरणात लोकांचा आक्षेप रास्त होता, कारण आदराने घेतले जाणारे नाव ज्या वस्तूवर होते तिचा त्या नावाच्या कर्तृत्वाशी काडीचाही संबंध नव्हता. व्हिडीओ गेममधील शुभंकर काल्पनिक असल्यामुळे तेथे भावना दुखावण्याचा प्रश्न सहसा येत नाही, पण नाव आणि वस्तू यांच्यातील अंतराचा प्रश्न तोच राहतो.

मारिओचा चेहरा इतका प्रवासक्षम का ठरला, याचे उत्तर बरेचसे तांत्रिक अडचणीत सापडते. १९८१ च्या 'डाँकी काँग' या खेळासाठी निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांनी हे पात्र आखले तेव्हा त्यांच्या हाती मोजकेच ठिपके आणि मोजकेच रंग होते. केस नीट दाखवता येत नाहीत म्हणून टोपी, तोंड काढायला जागा नाही म्हणून मोठे नाक आणि त्याखाली मिशा, हात हललेले दिसावेत म्हणून सदऱ्याहून वेगळ्या रंगाचा डांगरी पोशाख, असे एकेक तपशील गरजेतून आले. त्या खेळात त्याला 'जंपमॅन' म्हणत, आणि मारिओ हे नाव निन्टेन्डोच्या अमेरिकेतील कचेरीच्या गोदामाच्या मालकावरून पडले. सप्टेंबर १९८५ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानमध्ये आला आणि त्यानंतर मूठभर ठिपक्यांची ती आकृती जगभर पोचली. कमी ठिपक्यांत ओळखू येणारा चेहरा कोठेही चिकटवता येतो, आणि पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज या सोयीत आहे.

या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारे प्रकरण निन्टेन्डोच्याच घरातले आहे. जपानमध्ये १९८६ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा दुसरा भाग निघाला, तो इतका अवघड होता की अमेरिकन मुले निराश होऊन खेळ सोडून देतील असे तेथील कचेरीला वाटले. अमेरिकेला दुसरा भाग तर हवा होता, आणि कंपनीच्या हाताशी एक वेगळाच खेळ तयार होता. फुजी टेलिव्हिजनने १९८७ च्या उन्हाळ्यात 'युमे कोजो' नावाचा मोठा मेळावा भरवला होता, आणि त्या मेळाव्याच्या शुभंकरांना घेऊन निन्टेन्डोने 'दोकी दोकी पॅनिक' हा खेळ जुलै १९८७ मध्ये बाजारात आणला होता. त्यात इमाजिन नावाचा मुलगा, त्याचे आईबाबा आणि लीना अशी चार पात्रे अरबी कथांची आठवण करून देणाऱ्या जगात फिरतात, जमिनीतून भाज्या उपटतात आणि त्या शत्रूंवर फेकतात. शत्रूच्या डोक्यावर उडी मारून त्याला चिरडणे हा मारिओचा मूळ धर्म, पण या खेळात उडी मारली तर शत्रू मरत नाही, खेळाडू नुसता त्याच्या पाठीवर उभा राहतो.

केन्सुके तानाबे यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या खेळातील चार पात्रे काढून त्यांच्या जागी मारिओ, लुइजी, टोड आणि राजकन्या बसवण्यात आली, जादूच्या दिव्याची जागा औषधाच्या बाटलीने घेतली, पळण्यासाठी वेगळे बटण आले, आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये हा खेळ अमेरिकेत 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून विकला जाऊ लागला. येथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मूळ खेळात आई सर्वांत उंच उडी मारते, म्हणून तिच्या जागी आलेला लुइजी उंच उडी मारू लागला; लीना हवेत तरंगते, म्हणून राजकन्याही तरंगू लागली. तोवर लुइजी म्हणजे केवळ हिरव्या कपड्यांतला दुसरा मारिओ होता. त्याला मारिओहून उंच आणि सडपातळ असे स्वतःचे अंग मिळाले ते या खेळात, म्हणजे एका मेळाव्याच्या काल्पनिक कुटुंबातील आईकडून. बर्डो, शाय गाय हे शत्रूही याच मार्गाने आले आणि मारिओच्या जगात कायमचे वस्तीला राहिले. खेळाच्या सुमारे ७५ लाख प्रती खपल्या, आणि १९९२ मध्ये तो 'सुपर मारिओ यूएसए' या नावाने जपानमध्ये परत गेला.

तेव्हा उसना चेहरा चढवलेला प्रत्येक खेळ वाईट असतो असे म्हणता येणार नाही, कारण हा खेळ मुळात जीव ओतून केलेला होता आणि चेहरे बदलणारे हातही त्याच घरातले होते. तरीही त्याचा शेवट पाहिला की खंत वाटते. खेळ संपल्यावर पलंगावर झोपलेला मारिओ दिसतो आणि पडद्यावर पात्रांची नामावली सरकू लागते. तीत नायकांची नावे आहेत, प्रत्येक शत्रूचे नाव आहे, त्यांतही बर्डो आणि ऑस्ट्रो यांच्या नावांची अदलाबदल झालेली आहे, पण ज्या माणसांनी खेळ केला त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही. त्या काळी जपानमधील अनेक कंपन्या आपले कसबी लोक प्रतिस्पर्ध्यांनी पळवू नयेत म्हणून श्रेयनामावलीत टोपणनावे घालायला लावत. अमेरिकेतही अटारी कंपनी कर्त्यांची नावे देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी 'अ‍ॅडव्हेंचर' या खेळात आपले नाव एका गुप्त खोलीत दडवून ठेवले होते, आणि श्रेय व मोबदल्यावरून नाराज झालेल्या चौघा कर्त्यांनी अटारी सोडल्यावर १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. कर्त्याचे नाव आधीच झाकलेले असले की पात्राचा चेहरा बदलणे अधिकच सोपे होते, कारण तक्रार करणारे कोणी उरत नाही.

एकाच खेळावर वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापले चेहरे कसे बसवले, हे 'पुयो पुयो'च्या बाबतीत स्पष्ट दिसते. वरून पडणारे रंगीत गोळे जुळवण्याचा कंपाइल या जपानी कंपनीचा हा खेळ १९९३ मध्ये सेगाने पाश्चात्त्य देशांत सोनिकच्या खलनायकाच्या, म्हणजे डॉ. रोबोटनिकच्या नावाने विकला, आणि १९९५ मध्ये तोच खेळ सेगाच्या प्रतिस्पर्धी निन्टेन्डोच्या यंत्रावर कर्बी या पात्राच्या नावाने आला. 'पानेल द पोन' या परीकथेतल्या खेळाचे १९९६ मध्ये 'टेट्रिस अटॅक' झाले. त्यात पऱ्या जाऊन मारिओच्या जगातला योशी आला, आणि टेट्रिस हे नाव तर ज्या खेळाशी त्याचे काहीही नाते नव्हते त्याचे होते. परदेशी गिऱ्हाइकाला अनोळखी पात्रे रुचणार नाहीत या समजुतीतून हे सारे झाले. 'पुयो पुयो' पुढे स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पात्रांसह त्याच बाजारांत खपला, त्यावरून ती समजूत निदान पूर्णपणे खरी नव्हती असे म्हणता येते.

याहून वेदनादायक उदाहरण इंग्लंडमधील रेअर कंपनीच्या 'डायनासोर प्लॅनेट'चे आहे. स्वतंत्र कथा आणि क्रिस्टल नावाची स्वतंत्र नायिका असलेला हा खेळ घडत असताना, त्यातील एक पात्र निन्टेन्डोच्या 'स्टार फॉक्स' मालिकेतल्या फॉक्ससारखे दिसते असे मियामोतो यांनी सुचवले, आणि २००२ मध्ये तो 'स्टार फॉक्स अ‍ॅडव्हेंचर्स' म्हणून बाहेर पडला. लढाऊ विमाने उडवण्याच्या मालिकेत पायी भटकंतीचा खेळ बसवण्यासाठी अधूनमधून विमानाचे तुकडे घातले गेले, आणि जी क्रिस्टल अर्ध्या खेळाची नायिका व्हायची होती ती बहुतेक वेळ स्फटिकात कैद होऊन सुटकेची वाट पाहत राहिली.

मालकाने चेहरा दुसऱ्याला भाड्याने देण्याचा प्रकार यापेक्षा वेगळा आहे. यात परवाना घेतला जातो, म्हणजे ठरावीक मोबदल्यात ठरावीक वापराची लेखी मुभा मिळते. १९९२ च्या सुमारास टंकलेखन शिकवणारा 'मारिओ टीचेस टायपिंग' आणि भूगोल शिकवणारा 'मारिओ इज मिसिंग' हे खेळ बाहेरच्या कंपन्यांनी असेच काढले. फिलिप्सच्या यंत्रावर १९९४ मध्ये आलेला 'हॉटेल मारिओ' हे निन्टेन्डो आणि फिलिप्स यांच्यातील कराराचे फळ होते. त्यांचा दर्जा यथातथाच होता. ब्राझीलमध्ये मात्र परवान्याचा अधिक समंजस वापर झाला. तेथील टेकटॉय कंपनीने 'वंडर बॉय' मालिकेतील खेळाचा नायक बदलून १९९१ मध्ये मौरिसिओ द सौझा यांच्या चित्रकथांतील मोनिका ही मुलगी आणली आणि खेळ पोर्तुगीजमध्ये केला, त्यामुळे मुलांना घरची नायिका आणि घरची भाषा दोन्ही मिळाले.

भारतातील मुलांची मारिओशी ओळख बहुधा यांपैकी कोणत्याही मार्गाने झाली नाही. नव्वदच्या दशकात 'समुराई', 'मीडिया' अशा नावांनी विकले जाणारे, निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राच्या जातीचे संच, आणि त्यांच्यापाठोपाठ आलेले कितीतरी बिननावाचे स्वस्त संच टीव्हीला जोडले जात. त्यांत घालायच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना सर्वत्र कॅसेट म्हणत आणि हातातल्या बटणांच्या पट्टीला रिमोट. मोठ्या शहरांच्या घाऊक बाजारांतून हा माल लहान गावांपर्यंत पोचला. कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले असे, पण यादी उघडली की मोजकेच खेळ वेगवेगळ्या नावांनी किंवा वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होऊन पुन्हापुन्हा आलेले दिसत. लेबलावर मात्र मारिओ हमखास असे.

काही कॅसेटमध्ये याहून पुढची करामत असे. निन्टेन्डोने कधीच न काढलेले 'मारिओ ६', 'मारिओ ८', 'मारिओ १४', 'मारिओ १६' अशा क्रमांकांचे खेळ आशिया आणि पूर्व युरोपच्या बाजारांत फिरत. ते कसे बनत हे समजण्यासाठी कॅसेटच्या आत डोकावावे लागेल. त्या काळच्या बऱ्याच कॅसेटमध्ये दोन स्वतंत्र चिप असत : एकीत खेळाच्या आज्ञा, दुसरीत चित्रे. चित्रे आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा चौकटींच्या रूपात साठवलेली असत, प्रत्येक चौकटीला सोळा बाइट जागा लागे, आणि आठ किलोबाइटच्या चिपमध्ये अशा ५१२ चौकटी मावत. लहान मारिओ उभा करायला फक्त चार चौकटी पुरतात. दुसऱ्याच्या खेळातील नायकाच्या चौकटी शोधायच्या, तेथे टोपी-मिशांचा चेहरा भरायचा, सुरुवातीच्या पडद्यावरील नाव पुसून नवे लिहायचे, आणि आज्ञांना हातही लावायचा नाही. चिप त्या चौकटी पूर्वीसारख्याच दाखवत राहते, कारण चित्र कोणाचे आहे हे तिला कळत नाही.

अशा रीतीने डेटा ईस्टच्या 'जो अँड मॅक' या गुहामानवांच्या खेळाचा 'मारिओ १६' झाला. तायतोच्या 'डॉन डोको डॉन २'चा 'मारिओ ८' झाला, आयरेमच्या निन्जा मुलाच्या खेळाचा 'मारिओ १४', आणि कोनामीच्या 'टायनी टून अ‍ॅडव्हेंचर्स'मधील ससा मारिओ होऊन सहाव्या क्रमांकावर बसला. मुलांना त्यात काही खटकत नसे, कारण तुलना करायला खरा सहावा किंवा चौदावा भाग कोठेच नव्हता. यातील बहुतेक मूळ खेळ उत्तम होते, आणि म्हणूनच त्यांच्यावरचा अन्याय दुहेरी होता : त्यांच्या कर्त्यांना पैसा मिळाला नाही, आणि ज्या मुलाला तो खेळ मनापासून आवडला त्याने त्याचे श्रेय भलत्यालाच दिले. 'जो अँड मॅक' हे नाव न ऐकताही तो खेळ पूर्ण केलेली माणसे आज चाळिशीला आलेली असतील.

कायद्याने यातील काही भागाचा विचार केला आहे. एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर खपवण्याला न्यायालये फार पूर्वीपासून दोषास्पद मानत आली आहेत. १९६२ मध्ये 'अमृतधारा' विरुद्ध 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, दोन नावे शेजारी ठेवून पंडिताने केलेली चिकित्सा ही कसोटी नव्हे, तर सामान्य बुद्धीचा आणि अर्धवट आठवण असलेला ग्राहक गोंधळेल का ही खरी कसोटी होय, असे तत्त्व मान्य केले. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने प्रतिष्ठा मिळवलेल्या चिन्हाला निराळ्या प्रकारच्या मालापासूनही संरक्षण दिले, म्हणजे बुटांच्या प्रसिद्ध नावाने कोणी गाद्या विकू लागला तर त्यालाही अडवता येते. या तरतुदी चिन्हाच्या मालकाचे आणि काही अंशी ग्राहकाचे हित पाहतात. कर्त्याकडे पाहणारी तरतूद १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. त्यानुसार निर्मितीचे हक्क विकून टाकल्यावरही 'ही निर्मिती माझी आहे' असे सांगण्याचा लेखकाचा वा कलावंताचा अधिकार शाबूत राहतो. विज्ञान भवनातून काढून टाकलेल्या भित्तिशिल्पाबद्दल अमरनाथ सेहगल यांनी याच कलमाचा आधार घेतला, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका शिल्पकाराला जे साधले ते शेकडो हातांनी मिळून केलेल्या खेळाच्या बाबतीत साधणे कठीण आहे, कारण प्रत्येकाचा वाटा वेगळा काढून दाखवता येत नाही आणि बहुतेक जण कंपनीचे नोकर असतात.

आज मुलांच्या हाती कॅसेटऐवजी मोबाइल आहे, आणि मारिओच्या जोडीला देशी शुभंकर आले आहेत. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा छोटा भीम २००८ पासून टीव्हीवर आहे. 'लोटपोट' मासिकातील मोटू-पतलू यांची मालिका मुंबईच्या कॉसमॉस-माया या स्टुडिओने २०१२ पासून घडवली. मुंबईच्याच नजारा टेक्नॉलॉजीज कंपनीने या पात्रांचे परवाने घेऊन त्यांच्या नावाचे मोबाइल खेळ काढले. त्यांतील धावण्याचे आणि गाड्यांच्या शर्यतीचे साचे जगभर रुळलेले आहेत. ढोलकपूर हे भीमाचे गाव आणि लाडू हे त्याच्या ताकदीचे गुपित, पण गाडी पळवायच्या खेळात या दोहोंना करण्यासारखे फारसे काही उरत नाही. परवाना रीतसर आहे, फसवणूक नाही, आणि आवडते पात्र हातात आल्याचा मुलांचा आनंदही खरा आहे. पात्राच्या स्वभावातून खेळ घडवण्याचे कष्ट घेतले गेले तर तो आनंद अधिक टिकेल, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

कर्त्यांच्या श्रेयाचा प्रश्न सीमाभागालाही आता दूरचा राहिलेला नाही. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे, आणि या भागातील मुले-मुली पदवी घेऊन पुणे, मुंबई, बंगळूरच्या कंपन्यांत प्रसिद्ध नावांच्या परदेशी खेळांवर काम करू शकतात. युबिसॉफ्टच्या पुण्यातील स्टुडिओने 'जस्ट डान्स' मालिकेवर काम केले. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'ची २०२० मध्ये जाहीर झालेली नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई येथे घडत होती, आणि २०२२ मध्ये ते काम कॅनडातील माँट्रियलकडे सोपवण्यात आले. या व्यवसायात माणसाचा अनुभव सिद्ध होतो तो खेळाच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीने, आणि खेळ बाजारात येण्याआधी काम सोडणाऱ्याचे किंवा ज्याचे काम दुसरीकडे गेले त्याचे नाव तीतून गळण्याची प्रथा अनेक ठिकाणी अजून आहे. आंतरराष्ट्रीय गेम डेव्हलपर्स असोसिएशन या संघटनेने श्रेय कसे द्यावे याची मार्गदर्शक नियमावली तयार केली असून, मध्येच बाहेर पडलेल्यांचे नावही यावे असे तीत म्हटले आहे, पण ती पाळणे अद्याप प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर सोडलेले आहे.